डावा स्पीकर

गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे दुपारी चारला
(नोव्हेंबरात आमच्याकडे संध्याकाळ तेव्हाच उरकून घेतात),
आम्ही थोरकिलच्या तळघरात उतरतो.
जिन्याला अकरा पायऱ्या.
बाराव्या पायरीवर एस्बेन दर वेळी पाय टाकतो
आणि ती नसते.

वर लिमफ्योर्डावरचा वारा घराच्या काचा चाचपत हिंडतो.
खाली एकही खिडकी नाही.
पडद्यावर प्रतिबिंब पडलेलं थोरकिलला खपत नाही.
पडदा पंचावन्न इंची, उंची स्टँडवर.
आवाज न करता मान वळवतो, घुबडासारखी,
ज्याच्या हातात रिमोट त्याच्याकडे.

आणि त्यावर आम्ही बघतो काय?
काळा रंग.
नुसता काळा रंग लावून पाऊण तास भांडतो,
तो किती काळा आहे यावर.
पाले म्हणतो, ओल्या डांबराइतका.
एस्बेन म्हणतो, छे, निळी झाक आहे त्यात,
मासळीच्या बर्फात राहते तशी.
थोरकिल काहीच म्हणत नाही. टीव्ही त्याचा आहे.

मी कारखान्यात एकतीस वर्षं ॲल्युमिनियम घासलं.
कोपऱ्यातले हे दोन स्पीकर, सुरूच्या झाडासारखे निमुळते,
त्यांच्या अंगावरून बोट फिरवलं की सांगतो,
हा सोमवारी घासलाय, हा शुक्रवारी,
सुट्टीवर डोळा ठेवून.
कानांचं मला विचारू नका.
ते त्या यंत्रापाशीच ठेवून आलो.

पालेनं आज कॉर्डलेस फोन आणलाय,
नवी बॅटरी घालून, बटणं अल्कोहोलनं पुसून.
हातोहात फिरतो फोन.
गार, वजनदार, मुठीत नीट बसणारा.
"असं वजन आता कोण देतं?"
कोणीच नाही, आम्ही म्हणतो.
त्यावर फोन कोण करतं, हा विषय
आमच्यात निघत नाही.

मग थोरकिलची नात, आस्ता, नऊ वर्षांची,
चार्जर शोधत खाली आली
आणि चौथ्या पायरीवरच कानांवर हात ठेवले.
"ही शिट्टी कसली वाजतेय?"

कसली शिट्टी?

"ती. त्या डाव्यातून. किती टोचतेय!"

आम्ही डाव्याकडे पाहिलं.
एस्बेननं तर जास्तच निरखून पाहिलं.
गेल्याच महिन्यात डोळे मिटून
त्यानं शपथेवर सांगितलं होतं,
डावा उजव्यापेक्षा ऊबदार वाजतो.

कधीपासून वाजत होती?
गेला गुरुवार? गेला हिवाळा?
कोणी ब्र काढला नाही.
चौघांचं मिळून वय दोनशे ब्याण्णव.

थोरकिलनं गुडघे टेकले, मागचं झाकण काढलं,
पेचकस आत घातला.
"आता?"
"अजून आहे."
"आता?"
"वाढली, आजोबा. तिकडे नको. जरा खाली."
रस्ता ओलांडून द्यावा तशी ती त्याला नेत होती,
कंटाळून, एका हातानं फोनवर काहीतरी टाइप करत,
आणि ज्यानं आयुष्यभर
गावातल्या अर्ध्या घरांचे स्पीकर जुळवून दिले,
तो तिच्या मागे मागे, मुकाट्यानं.

"गेली," ती म्हणाली.

आम्ही माना डोलावल्या,
जणू जाताना आम्हालाही ऐकू आली होती.
पाले तर म्हणाला, "बघ, किती मोकळं वाटतंय."
आस्तानं त्याच्याकडे पाहिलं,
पण ती चांगली पोर आहे. चार्जर घेऊन वर गेली.

थोरकिल झाकण बसवत राहिला.
चार स्क्रू. तिसरा दोनदा घरंगळला.
तो खाली पडल्याचा आवाज झाला असणार.

तेवढ्यात भिंतीवरचा, थोरकिलचा फोन वाजला.
वरच्या मजल्यावरून, स्वयंपाकघरातून,
अकरा पायऱ्या उतरायला नकोत म्हणून
बोडिल दर गुरुवारी करते तो फोन:
कॉफी झाली आहे, केक कापते आहे, या.

वाजला,
आणि आम्हाला ऐकू आला.
चौघांनाही, स्वच्छ.
चार हात एकदम पुढे झाले.
थोरकिल म्हणाला, थांबा रे,
अजून एकदा वाजू दे.